इने बंदर आणि तिथली फुनाया घरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्योतोच्या उत्तर टोकाला असलेल्या या लहानशा मच्छीमारी बंदराबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे सहलीला येणाऱ्यांचे आहेत, काही ओसाका-क्योतोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे, तर काही कोकणातल्या मंडळींचे. कोकणातून आलेले प्रश्न सगळ्यांत नेमके होते. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. त्या-त्या ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इने नक्की कुठे आहे? क्योतो शहरात तर समुद्र नाही ना?

शहरात नाही, पण क्योतो हे प्रांताचंही नाव आहे आणि हा प्रांत उत्तरेला थेट जपानच्या समुद्रापर्यंत जातो. तिथे तांगो नावाचा द्वीपकल्प आहे. त्याच्या पूर्व बाजूला, योसा जिल्ह्यात, इने हे गाव आहे. चार गावं एकत्र करून १९५४ साली आजची नगरपालिका झाली. लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास आहे. गावाच्या मधोमध पाच किलोमीटर घेराची एक शांत खाडी आहे आणि तिच्या काठाला खेटून सुमारे २३० फुनाया (प्रश्न २) उभ्या आहेत.

२. फुनाया म्हणजे पाण्यावर बांधलेलं घर का?

नाही. ही गफलत फोटोंमुळे होते. 'फुना' म्हणजे होडी, 'या' म्हणजे घर. फुनाया हे होडीचं घर आहे, माणसांचं नव्हे. कुटुंबाचं राहतं घर रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला असतं.

फुनायाचा खालचा मजला समुद्राकडे उघडा असतो. जमीन उतरती असते आणि त्या उतारावरून होडी थेट आत ओढून घेता येते. तिथेच जाळी, दोऱ्या, टोपल्या ठेवायच्या, मासे वाळवायचे. वरचा मजला पूर्वी जाळी वाळवायला आणि सामान ठेवायला असे. कौलारू दोनमजली फुनाया त्या मानाने अलीकडच्या आहेत. आधी त्या गवताने शाकारलेल्या आणि बुटक्या होत्या. बुरी माशाने (प्रश्न ८) चांगले दिवस दाखवले तशा त्या वाढल्या. त्यानंतर वरच्या मजल्यावर म्हातारे आईवडील किंवा नवं जोडपं राहू लागलं.

होडीला घर का लागावं, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. लाकडी होडी सतत पाण्यात राहिली की कुजते आणि समुद्रातले किडे ती पोखरतात. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. इनेच्या माणसाला रोज संध्याकाळी होडी कोरड्या जागी घेता यायची.

३. घर पाण्याला इतकं चिकटलेलं, मग भरतीला पाणी आत शिरत नाही का?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. उत्तर सविस्तर देते, कारण इनेचं सगळं मर्म यातच आहे.

पहिलं कारण भरती. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळ्यांत चार मीटरहून जास्त फरक पडतो. इनेत हा फरक अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. जपानचा समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. बाहेरच्या महासागराशी तो मोजक्या अरुंद, उथळ सामुद्रधुनींनी जोडलेला आहे. महासागरातली भरती या दारांतून आत येता येताच विरते. त्यामुळे फुनायाच्या उंबऱ्याशी पाणी सकाळ-संध्याकाळ जवळपास एकाच पातळीवर दिसतं.

दुसरं कारण दिशा. जपानच्या समुद्रावर हिवाळ्यात वायव्येकडून प्रचंड वारा येतो आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांना लाटा झोडपून काढतात. इनेच्या खाडीचं तोंड मात्र दक्षिणेला आहे. या किनाऱ्यावर हे विरळाच. तिन्ही बाजूंनी डोंगर आहेत, त्यामुळे वारा वरच्या वर निघून जातो.

तिसरं कारण आओशिमा हे बेट. खाडीच्या अगदी तोंडाशी ते असं बसलं आहे की बाहेरून आलेली लाट आधी त्याच्यावर फुटते. इतर गावांनी काँक्रीट ओतून बांधलेला बंधारा इनेला निसर्गाने आधीच बांधून दिला.

चौथी गोष्ट खोली. काठालगतच पाणी चटकन खोल होतं. लाट फुटून वर चढायला उथळ किनारा लागतो, तो इथे नाहीच.

या चारांपैकी एक जरी नसतं तरी फुनाया टिकल्या नसत्या. "कोकणात अशी घरं का बांधली नाहीत?" या प्रश्नाचं उत्तरही हेच. आपल्या खाडीत असं घर बांधलं तर होडी दिवसातून दोनदा चिखलात बसेल आणि दोनदा जाळी भिजतील. आपल्या पूर्वजांना सुचलं नाही असं मुळीच नाही. त्यांच्यासमोरचं पाणी वेगळं होतं.

वादळात मात्र पाणी चढतं. म्हणून मौल्यवान सामान वर ठेवायची रीत आहे.

४. राहतं घर आणि फुनाया यांच्या मधूनच गावाचा रस्ता का जातो?

कारण रस्ता नंतर आला. पूर्वी घर आणि फुनाया यांच्यात कुटुंबाचं अंगण होतं आणि शेजारी जायचं तर लोक होडीनेच जात. १९३०च्या दशकात मोटारी जातील असा रस्ता काढायचं ठरलं. डोंगराकडे जागा नव्हती, म्हणून अंगणं रस्त्यात गेली आणि अनेक फुनाया समुद्राकडे सरकवून नव्याने उभ्या केल्या. आज त्या रस्त्यावरून चालताना आपण एका अर्थी लोकांच्या अंगणातूनच चाललेलो असतो. प्रश्न १५ वाचताना हे लक्षात असू द्या.

५. आम्ही गेलो तेव्हा बऱ्याच फुनायांत होडीच नव्हती. मग त्या नुसत्या दिखाऊ आहेत का?

दिखाऊ नाहीत, पण त्यांचं काम बदललं आहे. फुनाया ज्या मापाने बांधल्या त्या मापाच्या लाकडी होड्या आता फारशा उरलेल्या नाहीत. फायबरच्या होड्या रुंद आणि उंच असतात, त्या आत मावत नाहीत. शिवाय फायबर कुजत नाही, त्यामुळे ती रोज कोरडी करायची गरजही संपली. होड्या बाहेर बांधलेल्या असतात आणि आत जाळी, शीतपेट्या, मासे साफ करायचा ओटा दिसतो. काही फुनायांत पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या आहेत. काहींच्या समोर 'मोंदोरी' नावाचा पिंजरा पाण्यात सोडलेला असतो. त्यात माशाची डोकी-काटे आमिष म्हणून घालतात आणि संध्याकाळच्या कालवणापुरते मासे त्यात मिळतात. मला स्वतःला फुनायाचा हा उपयोग सगळ्यांत आवडतो. घरातून चार पावलं टाकायची, दोरी ओढायची आणि जेवणाची सोय झाली!

६. हे चालतं बंदर आहे का? धक्का, बर्फ, लिलाव हे सगळं कुठे असतं?

चालतं बंदर आहे. ते फुनायांच्या फोटोंत येत नाही एवढंच. धक्का, मासळी उतरवायची शेड, बर्फाची सोय आणि सहकारी संस्थेचं काम हे सगळं वेगळ्या ठिकाणी आहे. पहाटे तिथे जी लगबग असते ती पाहिल्याशिवाय इने पाहिलं असं म्हणता येणार नाही.

जपानमध्ये मच्छीमारी बंदर हा कायद्याने ठरलेला प्रकार आहे. त्यासाठीचा कायदा १९५० सालचा. देशात अशी सुमारे २,८०० बंदरं आहेत आणि त्यांची वर्गवारी आकारावरून नव्हे तर वापरावरून होते. फक्त स्थानिक होड्या वापरतात ते पहिल्या वर्गात, थोड्या विस्तृत परिसरातल्या होड्या येतात ते दुसऱ्यात आणि देशभरातल्या होड्यांसाठी खुली असलेली तिसऱ्यात. तिसऱ्यातली याइझु, चोशी, केसेन्नुमा यांसारखी १३ बंदरं 'विशेष' मानली जातात. चौथा वर्ग दूरच्या बेटांवरच्या आणि वादळात आसरा देणाऱ्या बंदरांचा. बहुसंख्य बंदरं पहिल्या वर्गातली, म्हणजे एखाद्या गावापुरतीच आहेत.

सुविधांचेही कायद्याने दोन भाग केले आहेत. बंदर ज्यांच्यामुळे बंदर ठरतं त्या मूलभूत सुविधा, म्हणजे लाटा अडवणारे बंधारे, होडी लावायचे धक्के, ती वर ओढायचा उतार, आत यायचा जलमार्ग आणि नांगर टाकायची जागा. काम चालवायला लागतात त्या दुसऱ्या, म्हणजे रस्ते, दिवे, इंधन, गोडं पाणी, बर्फ, जाळी पसरून दुरुस्त करायचं मैदान आणि मासळीची शेड. ही यादी वाचताना मला हर्णै आठवतं. तिथे लिलाव संध्याकाळी वाळूवरच लागतो आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. बंदर म्हटलं की हे सगळं आपोआप असतंच असं नाही. जिथे ते आहे तिथे ते कुणीतरी मागून, भांडून, बांधून घेतलेलं असतं.

इनेची गंमत अशी की मूलभूत सुविधांतला मोठा वाटा आओशिमा आणि डोंगर सांभाळतात (प्रश्न ३) आणि होडी ओढायचा उतार प्रत्येक घराने आपापला बांधला.

७. मासे कसे पकडतात? ट्रॉलर असतात का?

इनेची मुख्य पद्धत म्हणजे 'तेइची-आमी', एका जागी कायम बांधलेलं भलंमोठं जाळं. किनाऱ्याच्या बाजूने खोल पाण्याकडे एक लांब आडवी जाळभिंत सोडतात. काठाकाठाने पोहत येणारा मासा भिंत लागली की खोल पाण्याकडे वळतो. भिंत त्याला नेमकी एका प्रशस्त जाळ-खोलीत नेते. तिथून चढणीच्या वाटेने तो शेवटच्या पेटीसारख्या कप्प्यात जातो आणि परतीची वाट त्याला सहसा सापडत नाही. पहाटे होड्या जातात, पेटीचं जाळं एका बाजूने उचलत आणतात आणि मासे उपसून घेतात. माशांच्या मागे धावायचं नाही, त्यामुळे इंधन कमी लागतं. आत शिरलेले काही मासे निसटूनही जातात आणि मच्छीमार ते चालवून घेतात.

कोळी बांधव लगेच विचारतात, "म्हणजे आमची डोलच की!" नातं आहे, पण एक फरक मोठा आहे. डोल हे एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं ओढीच्या पाण्यावर चालतं. भरती-ओहोटीचा प्रवाह बोंबील, जवळा जाळ्यात ढकलतो. इनेच्या समुद्रात अशी ओढ नाहीच, म्हणून तिथलं जाळं पाण्याच्या जोरावर नव्हे तर माशाच्या सवयीवर बांधलेलं आहे.

याशिवाय खाडीत तरंगत्या पिंजऱ्यांत ब्लूफिन टूना वाढवतात आणि कालवांचीही शेती होते.

८. 'बुरी' म्हणजे कोणता मासा? हामाची वेगळा का?

मासा एकच, वय वेगळं. जपानी लोक याला बढती मिळत जाणारा मासा म्हणतात, कारण वाढीनुसार त्याचं नाव बदलतं. ओसाका-क्योतोच्या भागात लहान असताना त्सुबासु, मग हामाची, मग मेजिरो आणि पूर्ण वाढला की बुरी. आपल्याकडे याला सर्वांच्या तोंडी असलेलं नाव नाही. सुरमई समजून मागवाल तर निराश व्हाल. बुरी तिच्याहून कितीतरी तेलकट असतो.

हिवाळ्यात थंड पाण्यातून दक्षिणेला निघालेला बुरी चरबीने भरलेला असतो आणि तेव्हाच तो तेइची-आमीत सापडतो. तोयामातलं हिमि, नागासाकीतली गोतो बेटं आणि इने ही जपानमधली बुरीची तीन नावाजलेली ठिकाणं. पातळ काप गरम पाण्यात क्षणभर फिरवून खायचा 'बुरी-शाबु' इनेत हिवाळ्यात मिळतो.

९. सकाळी धक्क्यावर थेट मासे विकत घेता येतात का?

येतात, पण तो बाजार गावकऱ्यांचा आहे. त्याला 'हामा-उरी', म्हणजे किनाऱ्यावरची विक्री म्हणतात. होड्या परतल्या की माशांची निवड होते आणि गावातले लोक बादल्या घेऊन येतात. मासे अख्खे मिळतात, कुणी साफ करून देत नाही, पिशवीही आपली आपण न्यायची. समुद्र खवळलेला असेल तर होड्या जात नाहीत आणि विक्रीही नसते. ज्यांच्याकडे सुरी आणि चूल आहे त्यांनी जावं. बाकीच्यांनी फोर्कलिफ्टच्या वाटेत न येता बाजूला उभं राहून बघावं.

१०. जपानी बंदराच्या तोंडाशी लाल आणि हिरवा दिवा उलट्या बाजूंना का असतात?

हा प्रश्न रत्नागिरीच्या एका तांडेलाने पाठवला आणि त्याची नजर अचूक आहे. जगात दोन पद्धती आहेत. भारतात बंदरात शिरताना लाल खूण डाव्या हाताला असते, जपानमध्ये ती उजव्या हाताला. अमेरिका खंड, कोरिया आणि फिलिपिन्स जपानसारखेच चालतात. पूर्वी यापेक्षाही जास्त गोंधळ होता. १९८० साली तोक्योत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो दोन पद्धतींवर आणला गेला. म्हणून जपानी होडीवर कामाला जाणाऱ्या खलाशाने पहिल्या दिवशी ही एक सवय मोडायलाच हवी.

११. आओशिमावर व्हेलचं थडगं आहे हे खरं का?

खरं आहे. सतराव्या शतकापासून १९१३पर्यंत इनेत व्हेल पकडल्याच्या नोंदी आहेत. व्हेल खाडीत शिरला की बेट आणि किनारा यांमधलं तोंड जाळ्यांनी बंद करत. एका व्हेलवर गावाचे कितीतरी दिवस निघत. पण पकडलेल्या मादीच्या पोटात पिल्लू निघालं तर गावाला ते सहन होत नसे. अशा पिल्लासाठी बेटावर दगड उभारून प्रार्थना केलेली आहे. त्याच बेटावर मच्छीमारांचा देव एबिसु याचं देऊळ आहे. तिथलं रान तोडायचं नाही असा पूर्वापार दंडक आहे, कारण झाडांच्या सावलीला मासे येतात अशी श्रद्धा आणि अनुभव दोन्ही आहे.

१२. जुन्या घरांना सरकारी संरक्षण आहे का?

आहे. २००५ साली इने हे राष्ट्रीय पातळीवरचं पारंपरिक वास्तुसमूह जतनक्षेत्र झालं. मच्छीमारी गावाला हा दर्जा पहिल्यांदाच मिळाला. क्षेत्र ३१०.२ हेक्टर आहे आणि त्यात घरांबरोबर खाडीचं पाणी, आओशिमा आणि मागचं रानही येतं. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. पाणी वगळून नुसती घरं जपली असती तर होडीच्या घराला अर्थच उरला नसता.

१३. जायचं कसं? एका दिवसात होतं का?

क्योतो स्टेशनवरून 'हाशिदाते' एक्सप्रेसने आमानोहाशिदातेला सुमारे दोन तास, तिथून तांकाई बसने साधारण तासभर. एका दिवसात होतं, पण धावपळ होते, कारण परतीच्या बस कमी आहेत आणि लवकर संपतात. शक्य असेल तर एक रात्र राहा. दिवसाच्या सहली निघून गेल्यावर, पाणी स्तब्ध असताना इने खऱ्या अर्थाने दिसतं.

हिदेच्या धक्क्यावरून सुटणारी बोट साधारण २५ मिनिटांत खाडीची फेरी मारते. फुनायांचा दर्शनी भाग समुद्राकडे आहे, रस्त्यावरून पाठ दिसते, म्हणून ही फेरी चुकवू नका. हातातला खाऊ सांभाळा, घारी झडप घालतात. वरून पाहायचं असेल तर डोंगरावरच्या 'फुनाया नो सातो' या प्रवाशांच्या थांब्यावर जा.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी तांगोतली म्हण: जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. ऊन, पाऊस आणि बर्फ एकाच दुपारी भेटतात.

१४. शाकाहारी माणसाचं काय?

खरं सांगायचं तर अवघड आहे. मासा दिसत नसला तरी सूप, भाजी, सॉस यांत माशाचा अर्क असतो आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी आरक्षण करतानाच "माशाचा अर्कही नको" असं जपानीत लिहून कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर त्यांनाही संकोच होतो. सोबत थालीपीठ-चटणी ठेवलेली बरी.

१५. दार उघडं असेल तर फुनायात डोकावलं तर चालेल का?

नाही. दार उघडं आहे ते काम चाललंय म्हणून. फुनाया खाजगी मालकीच्या आहेत, अगदी पाण्याकडचा उतारसुद्धा. आत पाहायचं असेल तर परवानगीने दाखवल्या जाणाऱ्या जागा आहेत. गावातल्या माहिती केंद्रात विचारा. वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका, ओल्या दोरीवरून उडी मारू नका. आपल्या कोळीवाड्यात कुणी असं केलं तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं आठवलं तरी पुरे.

१६. इनेची 'समुद्रावरची गिओन जत्रा' कधी असते? आम्ही जुलैत गेलो तर होड्यांवरचे रथ दिसलेच नाहीत.

तुमचं काही चुकलं नाही. गिओन ही क्योतो शहरातली रथांची प्रसिद्ध जत्रा, तिच्यावरून हे नाव पडलं. इनेतल्या यासाका देवळाचा हा उत्सव दर वर्षी जुलैच्या अखेरीला होतो, पण होड्या जोडून त्यांवर मखर उभारायचा मोठा सोहळा फक्त भरघोस मासळीच्या वर्षी होतो. तसं वर्ष क्वचित येतं. त्याची तारीख समुद्राच्या हातात आहे.

१७. मुलांनी पायरीवरून शिंपले, खेकडे गोळा केले तर? परत सोडले तर?

इथे नीट लक्ष द्या, कारण यात चांगल्या घरच्या माणसांनाही दंड झालेले आहेत. जपानमध्ये किनाऱ्यालगतच्या ठरावीक जीवांवर स्थानिक मच्छीमार संस्थेचा कायदेशीर हक्क असतो. गोगलगायीसारखे मोठे शंख, अबालोनी (खडकाला चिकटणारे मोठे, महागडे शिंपले), कालवं, वाकामेसारखं समुद्री शेवाळ आणि बऱ्याच ठिकाणी ऑक्टोपससुद्धा यात मोडतो. हा हक्क मोडल्यास १० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. अबालोनी आणि समुद्रकाकडी (सी ककंबर हा समुद्री जीव) यांची चोरी तर त्याहून गंभीर. डिसेंबर २०२०पासून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी येनपर्यंत दंड आहे. "एकच होता" किंवा "माहीत नव्हतं" ही सबब पुरत नाही.

खेकडे सहसा या यादीत नसतात, पण यादी प्रत्येक किनाऱ्याची वेगळी असते. मुलाने लहान खेकडा उचलून पाहिला आणि तिथेच सोडला तर कुणी रागावणार नाही. शंख किंवा ऑक्टोपस असेल तर सोडून द्यायच्या बेतानेही उचलू नका, कारण लांबून पाहणाऱ्याला तुमचा बेत दिसत नाही. आणि जागा कुणाच्या फुनायासमोरची असेल तर आधी प्रश्न १५.